सात कॉलेजं, एकच पदवी: टोरोंटोला निघालेल्यांसाठी

टोरोंटो विद्यापीठाच्या सेंट जॉर्ज या मुख्य आवारात कला, विज्ञान किंवा वाणिज्य शिकायला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला अर्ज भरतानाच एक निवड करावी लागते: सात कॉलेजांपैकी कोणतं हवं, ते पसंतीक्रमाने सांगायचं. महाराष्ट्रातल्या घरात हा रकाना समोर आला की पहिला प्रश्न निघतो, ‘त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?’ आपल्याकडच्या अनुभवातून हाच प्रश्न सुचणार. इथे विद्यापीठ एकच असलं तरी प्राध्यापक, प्रयोगशाळा, कटऑफ आणि नाव हे सगळं कॉलेजागणिक बदलतं, आणि दहावी-बारावीच्या निकालानंतरचे पंधरा दिवस त्याच धावपळीत जातात. टोरोंटोत मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे कोणत्याही कॉलेजचा विद्यार्थी त्याच वर्गात बसतो, त्याच प्राध्यापकांकडून शिकतो, तीच परीक्षा देतो आणि त्याला पदवी टोरोंटो विद्यापीठाचीच मिळते. मग कॉलेजचा उपयोग काय? माझं म्हणणं असं, की शहराच्या ऐन मध्यभागी, साठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आवारात, तीच ती माणसं रोज समोर आणून ठेवणं हा लहान कॉलेजचा खरा उपयोग आहे. हा लाभ आपोआप पदरात पडत नाही, आणि त्याची वेळ पहिल्या सत्रातच असते. म्हणून कॉलेज निवडताना नावापेक्षा रोजचं जगणं पाहावं, आणि तिथे पोहोचल्यावर पहिले काही आठवडे कॉलेजकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावं.

ही रचना अशी का झाली, हे कळलं की निवड सोपी होते. आजचं टोरोंटो विद्यापीठ १८२७ साली राजसनदेने किंग्ज कॉलेज म्हणून स्थापन झालं आणि १८५० मध्ये चर्चपासून वेगळं होऊन त्याला सध्याचं नाव मिळालं. विद्यापीठाचं स्वतःचं, कोणत्याही पंथाशी न बांधलेलं युनिव्हर्सिटी कॉलेज १८५३ चं. दुसरीकडे धार्मिक संस्थांची कॉलेजं स्वतंत्रपणे उभी राहत होती: मेथडिस्टांचं व्हिक्टोरिया, अँग्लिकनांचं ट्रिनिटी आणि कॅथलिकांचं सेंट मायकल्स. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती एकेक करून विद्यापीठात संघराज्यासारखी सामील झाली; ट्रिनिटी त्यात १९०४ साली आलं. पुढे विद्यार्थिसंख्या वाढल्यावर न्यू कॉलेज (१९६२), इनिस (१९६४) आणि वुड्सवर्थ (१९७४) यांची भर पडली. पूर्वी इंग्रजी, फ्रेंच, अभिजात भाषा यांसारखे काही विषय कॉलेजं आपापली शिकवत. १९७४ च्या करारानंतर ते विभाग विद्यापीठाच्या शाखेकडे गेले. मार्गारेट अ‍ॅटवूड व्हिक्टोरियात शिकल्या, नॉर्थ्रॉप फ्राय तिथे शिकवत, मार्शल मॅकलुहान सेंट मायकल्समध्ये होते, ही माहिती खरी आणि अभिमानाची आहे. पण त्या नावांवर भाळून आज कॉलेज निवडणाऱ्याने लक्षात ठेवावं, की इंग्रजी साहित्याचा वर्ग आता सातही कॉलेजांच्या मुलांना सारखाच खुला आहे.

कॉलेजच्या हातात मग उरलं काय? पहिली गोष्ट म्हणजे रजिस्ट्रारचं कार्यालय. आपल्याकडे रजिस्ट्रार म्हटलं की गुणपत्रिका, शिक्के आणि खिडकीपुढची रांग आठवते. तिथे कॉलेजचा रजिस्ट्रार आणि त्याचे सल्लागार हे विद्यार्थ्याचे पहिले मार्गदर्शक असतात. विषय कोणते घ्यावेत, एखादा विषय सोडावा का, आजारपणात परीक्षा हुकली तर काय करावं, पैसे अचानक कमी पडले तर मदत कुठे मिळेल, हे सगळं तिथे विचारता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे लेखन केंद्र. निबंधाचा मसुदा घेऊन वेळ ठरवायची आणि एका शिक्षकाबरोबर बसून त्यावर काम करायचं, ही सोय प्रत्येक कॉलेज आपल्या विद्यार्थ्यांना देतं. तिसरी, पहिल्या वर्षासाठीचे छोटे चर्चावर्ग. व्हिक्टोरियाचं ‘विक वन’ सर्वांत नावाजलेलं, पण तशा धर्तीचे कार्यक्रम इतर कॉलेजांतही आहेत. याशिवाय कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या, विद्यार्थी परिषद, वाचनालय, भोजनगृह आणि अर्थातच वसतिगृह. ही यादी वाचून ‘एवढंच?’ असं वाटू शकतं. परक्या देशातल्या पहिल्या वर्षात अडचणी येतात त्या नेमक्या याच जागांवर.

आता लहान असण्याचा फायदा. विद्यापीठाच्या कॉन्व्होकेशन हॉलमध्ये सुमारे १,७०० जण बसतात, आणि पहिल्या वर्षाचे काही लोकप्रिय विषय तिथेच शिकवले जातात. अशा वर्गात सोमवारी शेजारी बसलेली मुलगी बुधवारी पुन्हा दिसेलच असं नाही. याउलट ट्रिनिटी किंवा इनिससारख्या कॉलेजात सगळ्या वर्षांचे मिळून सुमारे दोन हजार विद्यार्थी असतात, आणि वसतिगृहाच्या एका मजल्यावर काही डझन. जिन्यात, जेवणाच्या रांगेत, कपडे धुण्याच्या यंत्रापाशी तेच चेहरे दिसत राहतात. मैत्रीला सगळ्यात जास्त हातभार अशा बिनहेतूच्या गाठीभेटींचा लागतो, हे सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिलं आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेस्टगेट या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली, हे आवडीनिवडींपेक्षा दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठे आहे यावर अधिक ठरलं होतं. पुढे व्हिन्सेंट टिंटो यांनी विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचा विचार करताना असं मांडलं, की बुद्धी आणि पैसा यांच्या इतकंच महत्त्व विद्यार्थी त्या संस्थेत अभ्यासाने आणि माणसांनी किती गुंतला आहे याला असतं. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांच्या मोठ्या पाहण्यांतही आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता जास्त दिसली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जे विद्यार्थी आवारात राहतात ते मुळातच सुस्थितीतले, उत्साही, मिसळणारे असू शकतात. मग श्रेय वसतिगृहाचं की त्यांच्या स्वभावाचं? ही शंका पूर्णपणे फेटाळता येत नाही, आणि म्हणूनच ‘वसतिगृहात राहिलात की यश नक्की’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. मात्र निवडीचा हा घोळ टाळणारा एक अभ्यास उपलब्ध आहे. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली डार्टमथ कॉलेजातल्या अशा विद्यार्थ्यांची माहिती तपासली, ज्यांना खोलीतला जोडीदार सोडतीसारखा, योगायोगाने मिळाला होता. जोडीदाराचा परिणाम पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि कोणत्या सामाजिक गटात सामील व्हायचं या निर्णयावर दिसला. मुख्य विषयाच्या निवडीवर दिसला नाही. यातून निघणारा निष्कर्ष माफक आहे. शेजार माणसाच्या सवयींवर आणि संगतीवर परिणाम करतो, त्याचं आयुष्य ठरवत नाही. लहान कॉलेजकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. तेवढीही थोडी नाही, कारण पहिल्या सत्रात डळमळतात त्या सवयी आणि संगतच.

मग निवड कशी करावी? प्रत्येक कॉलेजबद्दल चार प्रश्न विचारावेत. स्वयंपाकघर आहे का, हा पहिला. इनिस आणि वुड्सवर्थ यांची वसतिगृहं फ्लॅटसारखी आहेत: काही खोल्या मिळून एक घर, त्यात स्वयंपाकघर. युनिव्हर्सिटी कॉलेज, ट्रिनिटी, व्हिक्टोरिया, सेंट मायकल्स आणि न्यू कॉलेज इथे पहिल्या वर्षाला बहुतेक जण जुन्या पद्धतीच्या खोल्यांत राहतात आणि मील प्लॅन सक्तीचा असतो. पोळी-भाजीशिवाय ज्याचं चालत नाही आणि ज्याला कुकर लावता येतो, त्याने पहिल्या प्रकाराचा विचार करावा. ज्याला घरी कधी चहासुद्धा करावा लागला नाही आणि जो चटकन कोणाशी बोलत नाही, त्याला भोजनगृहाचं कॉलेज अधिक मानवेल, कारण तिथे दिवसातून दोनदा माणसांत जाणं भागच पडतं. खोली एकट्याची की दोघांची, हा दुसरा प्रश्न. दोघांची खोली स्वस्त पडते आणि एकटेपणा कमी करते, पण झोपेच्या वेळा जुळाव्या लागतात. वातावरणाचा प्रश्न तिसरा. ट्रिनिटीत काही प्रसंगी जेवायला काळे गाऊन घालून बसायची जुनी प्रथा आहे, सेंट मायकल्सला कॅथलिक परंपरेची पार्श्वभूमी आहे, इनिसमध्ये सिनेमाच्या अभ्यासाची संस्था असल्याने तिथे चित्रपटवेड्यांचा वावर असतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, रुचीचा भाग आहे. चौथा प्रश्न भारतीय पालक हमखास विसरतात: डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह उघडं राहतं का? काही ठिकाणी राहतं, काही ठिकाणी बंद होतं किंवा वेगळे पैसे पडतात. ऐन थंडीत दोन-तीन आठवड्यांसाठी बाडबिस्तरा घेऊन नातेवाइकांकडे जायचं की महागडं विमान पकडून घरी यायचं, हे ऑगस्टमध्येच ठरलेलं बरं. नव्याने पदवीला येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला मुदतीत अर्ज केल्यास पहिल्या वर्षी वसतिगृहात जागा देण्याची हमी विद्यापीठ देतं. मुदत चुकली की हमी संपली. म्हणून या तारखा व्हिसाच्या तारखांइतक्याच गंभीरपणे घ्याव्यात.

सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच पैशांचा. परदेशी विद्यार्थ्याची कला-विज्ञान शाखेची फीच वर्षाला ६० हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास जाते. त्यावर खोली आणि जेवण धरून १५ हजारांच्या वर सहज लागतात. व्हिसासाठी एकट्या विद्यार्थ्याने फी वगळून २२,८९५ डॉलर दाखवावेत असा कॅनडा सरकारचा सप्टेंबर २०२५ पासूनचा नियम आहे. काही पालक हा आकडा खर्चाचा अंदाजच समजतात, प्रत्यक्षात ती किमान अट आहे. ‘मावशी ब्रॅम्प्टनला आहे, मग वसतिगृह कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच अनेक घरांत निघतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या कुटुंबासाठी वर्षाचे दहा-पंधरा हजार डॉलर ही मोठी रक्कम आहे. पण हिशेबात दुसरी बाजूही मांडावी. ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागाहून गाडीने युनियन स्टेशन, तिथून सबवेने सेंट जॉर्ज असं करत वर्गात पोहोचायला एका बाजूला तास-सव्वा तास सहज जातो. आठवड्याचे दहा-बारा तास प्रवासात गेले की संध्याकाळचे अभ्यासगट, प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, लेखन केंद्राची वेळ, विद्यार्थी मंडळाची बैठक यांवर सर्वांत आधी काट बसते. माझा सल्ला असा: जमत असेल तर निदान पहिलं वर्ष वसतिगृहात काढावं आणि बचत दुसऱ्या वर्षापासून करावी. जमत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नये. नातेवाइकांकडे राहणारा विद्यार्थीही कॉलेजचा पूर्ण सदस्य असतो, आणि रोज ये-जा करणाऱ्यांसाठी कॉलेजांत बसायच्या जागा आणि वेगळे कार्यक्रम असतात. त्याने एकच नियम पाळावा: तास संपला की लगेच स्टेशनकडे न पळता आठवड्यातले तीन दिवस तरी संध्याकाळपर्यंत कॉलेजात थांबावं.

पोहोचल्यावरचे पहिले सहा आठवडे निर्णायक ठरतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वागत सप्ताह असतो. त्याला तिथे फ्रॉश वीक म्हणतात. त्यातला आरडाओरडा, रंगीत टीशर्ट आणि घोषणा हे सगळं बालिश वाटू शकतं. तरी जावं, कारण त्या आठवड्यात सगळेच अनोळखी असतात आणि स्वतःहून नाव विचारणं कोणालाच विचित्र वाटत नाही. ऑक्टोबरात टोळकी जमलेली असतात, मग हेच काम दुप्पट अवघड होतं. प्रत्येक मजल्यावर एक वरिष्ठ विद्यार्थी नेमलेला असतो, त्याला डॉन म्हणतात. तो हेरगिरी करणारा वॉर्डन नव्हे. हीटर बिघडण्यापासून घरची आठवण अनावर होण्यापर्यंत काहीही त्याला सांगता येतं. पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्याशी दहा मिनिटं बोलून ठेवावं. तसंच रजिस्ट्रारच्या सल्लागाराची एक भेट अडचण येण्यापूर्वीच घ्यावी. विषय सोडायची शेवटची तारीख कोणती, एखाद्या विषयाला गुणांऐवजी निव्वळ ‘क्रेडिट’ किंवा ‘नो क्रेडिट’ असा शेरा घ्यायची सवलत कधी वापरावी, आणि हवा तो मुख्य विषय मिळण्यासाठी पहिल्या वर्षात किती गुण लागतात, हे तीन प्रश्न लिहूनच न्यावेत. तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून पस्तावणारे बरेच असतात. शाखेत प्रवेश मिळाला म्हणजे विषय मिळाला असं तिथे नसतं. बहुतेकांना पहिल्या वर्षानंतर विषयासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि काही विषयांच्या जागा मर्यादित असतात.

अभ्यासाच्या बाबतीत आपल्या मुलांना बसणारा धक्का ठरावीक असतो. बारावीला ९५ टक्के मिळवलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या चाचणीत साठ-पासष्ट गुण पडतात आणि त्याला वाटतं, आपण इथे चुकून आलो. तिथे असे गुण पहिल्या सत्रात अनेकांना मिळतात, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि घरी सांगायची लाज वाटते. लहान कॉलेजचा उपयोग इथे होतो. जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या वर्षाची मुलगी सहज सांगून जाते, की तिचीही पहिली चाचणी अशीच गेली होती आणि मग ती दर गुरुवारी टीएकडे (अध्यापन साहाय्यकाकडे) जाऊ लागली. हे ज्ञान कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतं. निबंध लिहिताना दुसऱ्याचं वाक्य उचलण्याबद्दलचे नियमही कडक आहेत. आपल्याकडे नोट्समधून उतरवून काढायची सवय असलेल्यांनी पहिल्याच निबंधाचा मसुदा लेखन केंद्रात दाखवावा. मदत मागणं हे हुशार नसल्याचं लक्षण आहे, ही समजूत मुंबई-पुण्यातच सोडून जावी. रोबार्ट्स लायब्ररीची चौदा मजली काँक्रीटची इमारत भव्य आहे, परीक्षेच्या काळात ती भरून वाहते. रोजच्या अभ्यासासाठी मात्र कॉलेजचं लहान वाचनालय बरं, कारण तिथे ठरलेल्या खुर्चीवर तुम्ही दिसला नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येतं.

सहा आठवड्यांतलं शेवटचं काम म्हणजे एक छोटी जबाबदारी उचलणं. स्वागत सप्ताहात पंधरा मंडळांत नाव नोंदवून एकाही बैठकीला न जाणारे खूप असतात. त्यापेक्षा कॉलेजच्या नाटकाचे दिवे, मासिकाचं मुद्रितशोधन, बॅडमिंटनच्या आंतरकॉलेज संघाची यादी, वसतिगृह समितीचं एखादं पद, असं एकच काम घ्यावं. मात्र ते असं असावं की तुम्ही गेला नाहीत तर अडेल. लहान संस्थेत पहिल्या वर्षाच्या मुलालाही असं काम मिळतं. प्रचंड विद्यापीठाच्या मध्यवर्ती संघटनेत त्याला वर्ष-दोन वर्षं वाट पाहावी लागली असती. ज्याला कोणीतरी शोधत येतं, तो परक्या गावात एकटा पडत नाही.

जेवणाबद्दल थोडं व्यावहारिक. मील प्लॅन साधारण दोन प्रकारचे असतात: ठरलेली रक्कम कार्डावर भरून लागेल तसं खर्च करायचं, किंवा एकदा आत गेलं की हवं तेवढं खायचं. पहिल्या प्रकारात मार्चपर्यंत पैसे संपतात किंवा एप्रिलमध्ये उरतात, म्हणून महिन्याचा हिशेब ठेवावा. शाकाहारी पदार्थ सगळीकडे मिळतात. पण ‘शाकाहारी’ म्हणजे अंडं चालतं असंही धरलं जातं, तेव्हा विचारून घ्यावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला आधी लिहावं, किंवा स्वयंपाकघर असलेलं कॉलेजच निवडावं. आवाराच्या पश्चिमेला स्पॅडायना रस्त्यावर चायनाटाउन आणि त्याला लागून केन्सिंग्टन मार्केट आहे. भाजी, तांदूळ, मसाले तिथे आवारातल्या दुकानांपेक्षा स्वस्त पडतात. आवाराच्या दक्षिण कडेने, कॉलेज स्ट्रीटवरून धावणारी ५०६ क्रमांकाची ट्राम पूर्वेला थेट जेरार्ड स्ट्रीटच्या इंडिया बाजारात नेते. पीठ, डाळी, कढीपत्ता, मिठाई तिथे मिळते, तेव्हा बॅगेत दहा किलो किराणा कोंबून नेण्याची गरज नाही.

यातूनच शहराचा विषय येतो. सेंट जॉर्ज आवार ब्लूर, कॉलेज, स्पॅडायना आणि बे या रस्त्यांच्या मध्ये आहे. डाउनटाउनचे बाजार आणि नाट्यगृहं पायी अर्ध्या तासाच्या आत येतात. पालकांना याची भीती वाटते, विद्यार्थ्यांना ओढ. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मोठ्या शहरात संध्याकाळ कशी गेली कळत नाही आणि पैसे तर त्याहून वेगाने जातात. पण शहरापासून तोडून घेतलेला विद्यार्थी चार वर्षं एका दगडी आवारात काढून परत येतो आणि ज्या देशात नोकरी शोधायची त्याची त्याला ओळखच नसते. यावर उपाय क्रमाचा आहे. पहिल्या सत्रात कॉलेज आधी, शहर नंतर. आठवड्याला शहराची एक ठरलेली फेरी पुरे: कधी संग्रहालय, कधी बाजार, कधी नुसती ट्रामची सफर. दुसऱ्या सत्रापासून अर्धवेळ काम, स्वयंसेवा, विषयाशी संबंधित कार्यक्रम यांसाठी शहर मोकळेपणाने वापरावं. सत्र चालू असताना आवाराबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंत काम करायला परवानगी आहे. पहिल्या सत्रात ही मर्यादा गाठण्याचा मोह टाळावा. आवारातली, वाचनालयातली किंवा कॉलेजच्या कार्यालयातली नोकरी मिळाली तर ती जास्त चांगली. थंडीचंही भान ठेवावं. डिसेंबरात दुपारी पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जानेवारीत पारा शून्याखाली राहतो. तेव्हा खोलीत कोंडून घेण्याकडे कल होतो. ज्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात कॉलेजात माणसं जोडली आहेत, त्याला थंडी पेलते.

मराठी मंडळींचं काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. टोरोंटो परिसरात मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती-दिवाळी होते, आवारातही भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत. आजारी पडल्यावर मुगाची खिचडी कोण करून देईल, हे या वर्तुळातच कळतं, त्याला पर्याय नाही. आक्षेप आहे तो फक्त या वर्तुळातच राहण्याला. हे वर्तुळ हवं तेव्हा उघडं असतं, दुसऱ्या वर्षीही ते तितक्याच आपुलकीने बोलावेल. कॉलेजची दारं मात्र पहिल्या काही आठवड्यांतच सहज उघडतात. म्हणून सणाला मंडळात आणि रोजच्या जेवणाला कॉलेजच्या टेबलावर, अशी विभागणी करावी.

लहान जागेचे तोटेही सांगायला हवेत. तिथे बातम्या पसरतात, एखाद्याशी भांडण झालं तर तो रोज समोर येतो, आणि एकच गट सगळ्या मंडळांवर ठाण मांडून बसलाय असं वाटू शकतं. खोलीतल्या जोडीदाराशी खटके उडणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. आपली सवय मनात कुढण्याची किंवा एकदम घरी फोन करण्याची असते. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात झोपेच्या वेळा, पाहुणे, साफसफाई आणि खोलीतलं खाणं यांवर स्पष्ट बोलून घ्यावं, आणि नाही जमलं तर डॉनला मध्ये घ्यावं. खोली बदलून मिळण्याची रीतसर पद्धत असते. कॉलेज खरोखरच मानवलं नाही तरी बिघडत नाही, कारण वर्ग, वाचनालयं, हार्ट हाऊससारखं सर्वांसाठीचं विद्यार्थी केंद्र आणि अख्खं विद्यापीठ बाहेर आहेच. स्वतंत्र लहान कॉलेजात अडकलेल्या विद्यार्थ्याला ही पळवाट नसते. मोठ्या विद्यापीठाच्या पोटातलं लहान कॉलेज दोन्ही बाजूंनी सोयीचं ठरतं ते यामुळे.

दुसऱ्या वर्षी बहुतेकांना वसतिगृह सोडावं लागतं, कारण जागेची हमी पहिल्या वर्षापुरती असते. घरशोध जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करावा, आणि जोडीदार कॉलेजातूनच शोधावेत. ज्याची भांडी घासायची सवय आठ महिने पाहिली आहे, त्याच्याबरोबर घर घेणं जाहिरातीतल्या अनोळखी माणसापेक्षा सुरक्षित. ओंटारियोच्या कायद्यानुसार घरमालक आगाऊ मागू शकतो ते शेवटच्या महिन्याचं भाडं, फार तर एका महिन्याएवढं; मोडतोडीसाठी वेगळं डिपॉझिट मागण्याची त्याला मुभा नाही, आणि बहुतेक घरांसाठी सरकारने ठरवलेला भाडेकरार वापरावा लागतो. घर न पाहता पैसे पाठवू नयेत, मग फोटो कितीही सुंदर असोत.

पालकांना शेवटी एवढंच सांगणं. कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे नातेवाइकांना सांगताना सातपैकी कोणतंही नाव घ्या, पदवीच्या किमतीत फरक पडत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर फोनवर गुण विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: रजिस्ट्रारकडे जाऊन आलास का, रोज कोणाबरोबर जेवतोस, आणि कॉलेजात तुझ्याकडे काम कोणतं आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर निर्धास्त राहा. एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर रागावू नका. त्याच आठवड्यात रजिस्ट्रारची वेळ घ्यायला सांगा.